संशयाची वंशावळ

हमरस्त्यावर गणवेशातील अंमलदाराने हात आडवा केला की गाडी थांबवावी, विचारले तर परवाना दाखवावा, चूक झाली असेल तर दंड भरून पावती घ्यावी आणि मार्गस्थ व्हावे, इतका हा व्यवहार साधा आहे. आणि बहुसंख्य मध्यमवर्गीय वाचकांच्या आयुष्यात तो तेवढाच राहतो, फार तर थोडी हुज्जत आणि थोडा मनस्ताप यांची त्यात भर पडते. परंतु समोरून येणाऱ्या पन्नास वाहनांपैकी नेमके कोणते थांबवावे हे ठरवायला त्या अंमलदाराजवळ दोन-चार क्षणच असतात, आणि त्या क्षणांत विचाराला अवसर नसल्यामुळे विचाराचे काम पूर्वग्रह करतो. थांबवलेल्याला सोडावे की ठाण्यात न्यावे, त्याच्याशी अदबीने बोलावे की अरेतुरे करावे, आणि त्याने उलट प्रश्न केला तर उत्तर द्यावे की काठी उगारावी, हे पुढचे निर्णयही पुष्कळदा त्याच पहिल्या नजरेत होऊन गेलेले असतात.

अमेरिकेत या पहिल्या नजरेचा हिशोब मांडण्याचा उद्योग गेली काही दशके चालू आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी साडेनऊ कोटींच्या आसपास वाहनतपासण्यांच्या सरकारी नोंदी गोळा करून २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक मोठी मार्मिक युक्ती योजली होती. घड्याळातली वेळ तीच, परंतु ऋतुमानाप्रमाणे कधी तेव्हा उजेड असतो तर कधी अंधार, हे लक्षात घेऊन त्यांनी दोन्ही प्रकारच्या संध्याकाळी ताडून पाहिल्या. तेव्हा असे दिसले की अंधार पडून चालकाचा चेहरा दिसेनासा झाला म्हणजे थांबवल्या जाणाऱ्यांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण उतरते. मिनेसोटा राज्यात ६ जुलै २०१६ रोजी फिलांडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाला मागचा दिवा बंद असल्याच्या कारणावरून थांबवण्यात आले. थांबवण्यापूर्वी पोलिसाने बिनतारी यंत्रावरून असे सांगितले होते की, चालकाचे रुंद नाक पाहता तो एका दरोड्यातील संशयितासारखा वाटतो. आपल्याजवळ परवान्याची बंदूक आहे हे कॅस्टिलने आपण होऊन सांगितले, आणि पुढच्या काही क्षणांतच पोलिसाच्या गोळ्यांनी तो मरण पावला. त्याआधीच्या वर्षांत त्याला निरनिराळ्या किरकोळ कारणांसाठी किमान ४६ वेळा थांबवलेले होते. गोळी झाडणारा पोलीस पुढल्या वर्षी निर्दोष सुटला. आपल्याकडच्या ज्यांना हे सारे गोऱ्या-काळ्यांचे भांडण वाटते, त्यांनी २०१५ सालची अलाबामातील घटनाही स्मरावी: नातवाच्या संगोपनासाठी गुजरातेतून मुलाकडे गेलेले एक वृद्ध गृहस्थ सकाळी घरासमोरच्या रस्त्यावर फिरत असता, कोणी अनोळखी काळा माणूस हिंडतो आहे असा दूरध्वनी पोलिसांना गेला, पोलिसांनी त्यांना जमिनीवर आपटले, आणि त्या आपटण्याने त्यांना अंशतः पक्षाघात झाला.

आपल्या देशात माणसाच्या कातडीचा रंग पाहून नव्हे, तर त्याचे आडनाव, त्याची बोली आणि त्याचे पाल कोठे पडले आहे हे पाहून हाच निवाडा होतो. त्याची सर्वांत जुनी, सर्वांत निःसंकोच आणि एके काळी चक्क कायद्याने मंजूर असलेली पद्धत पाहायची असेल तर मराठवाड्यातील पारध्यांकडे पाहावे. आणि तिचे पर्यवसान कोठवर जाऊ शकते हे पाहायचे असेल तर जालना जिल्ह्यातील भोकरदन भागातील सहा माणसांची कथा वाचावी. त्या कथेकडे येण्याआधी थोडा पूर्वेतिहास सांगणे प्राप्त आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमात पद्धतशीरपणे गुन्हे करते असे सरकारला वाटले की राजपत्रात तिचे नाव घालायचे, आणि ते घालणे योग्य की अयोग्य हा प्रश्न कोणत्याही न्यायालयात काढता येऊ नये, अशी त्याची रचना होती. नाव नोंदलेल्या माणसाने ठराविक वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना दाखला घ्यायचा, आणि हे चुकले तर त्या चुकण्याबद्दलच शिक्षा भोगायची. १९११ साली हा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला, १९२४ साली त्याची फेररचना झाली, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी या जमातींना काटेरी तारांच्या आत ठेवणाऱ्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. जालना त्या काळी निजामाच्या मुलखात होते, पण तेथेही अशाच धर्तीचे नियम होते, त्यामुळे सरहद्द ओलांडून पलीकडे गेल्याने पारध्याची सुटका होत नसे. स्वतंत्र भारताच्या सरकारने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. परंतु कायदा गेला तरी ठाण्यातील दप्तरे गेली नाहीत, आणि सराईत गुन्हेगारांविषयीचे जे नवे कायदे राज्याराज्यांत झाले (मुंबई राज्याचा १९५९ सालचा) त्यांनी जमातीच्या जागी व्यक्ती हा शब्द घातला खरा, पण त्या व्यक्ती शोधायला पोलीस निघाले ते जुन्याच वस्त्यांवर.

पारधी हा मुळचा शिकारी. फासे लावून हरणे-तितर धरणे हे फासेपारध्यांचे कसब, तर चित्त्याला शिकवून त्याच्याकडून शिकार करविणे हे संस्थानिकांच्या पदरी असलेल्या चित्तापारध्यांचे. वनकायद्यांनी आधी रान काढून घेतले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलेली शिकार हाच अपराध ठरवला, आणि त्या मोबदल्यात जमीन, शाळा वा धंदा यांपैकी काही हाती पडले असे फार थोड्यांच्या बाबतीत म्हणता येईल. गावाबाहेरच्या गायरानात पाल ठोकून राहणाऱ्या, रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक कागदासाठी तलाठ्या-तहसीलदारांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्या या लोकांपैकी कोणी चोरी करीतच नाही असा दावा त्यांचे कैवारीही करीत नाहीत. प्रश्न एवढाच आहे की, गावात घरफोडी झाली आणि पाटलाच्या पोराने केली असली तरी रात्री जीप प्रथम वळते ती पारध्यांच्या पालाकडे. आणि घरचा पुरुष सापडला नाही तर बाईला नाही तर म्हाताऱ्याला उचलून नेण्याची चाल किती जुनी आहे हे त्या वस्त्यांवरचे कोणतेही पोर सांगू शकते. लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने मराठी वाचकाला ही दुनिया आतून दाखवली. पण वाङ्मयाचा गौरव होणे निराळे आणि ठाण्यातला व्यवहार बदलणे निराळे.

आता ती कथा. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका पेरूच्या बागेतील झोपडीत काही दरोडेखोर शिरले. त्यांनी त्या कुटुंबावर जो अत्याचार केला त्याचे वर्णन येथे करण्याची गरज नाही. पाच जणांचा खून झाला, स्त्रियांची विटंबना झाली, आणि घायाळ अवस्थेत जे वाचले त्यांत त्या घरची आई व एक मुलगा होता. गुन्हा इतका क्रूर होता की जिल्हा हादरला, आणि आरोपी तत्काळ पकडले जावेत अशी मागणी होणे स्वाभाविकच होते. दोनच दिवसांनी, म्हणजे ७ जून रोजी, पोलिसांनी त्या आईला आपल्या दप्तरातील गुन्हेगारांची छायाचित्रे दाखविली, आणि तिने त्यांपैकी चौघांना ओळखले. ही ओळख विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे नोंदली गेली. एवढा धागा हाती आल्यावर तपास कोणत्या दिशेने जायला हवा होता हे कोणा शाळकरी मुलालाही सांगता येईल. त्या चौघांना अटक झाली नाही, त्यांच्यावर खटला झाला नाही, आणि ती नोंद बचावपक्षाच्या हातीही दिली गेली नाही. त्याऐवजी महिनाभराच्या आत ज्यांना पकडण्यात आले ते सहा जण भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे, शिंदे आडनावाचे, आणि त्यांचे मूळ ठिकाण भोकरदन. पुढे ओळखपरेड झाली आणि तीत त्यांची ओळख पटल्याचे सांगण्यात आले.

नाशिकच्या सत्र न्यायालयाने जून २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २००७ मध्ये तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी त्या तिघांची जन्मठेपही रद्द करून पुन्हा सहाही जणांना फाशी फर्माविली. म्हणजे न्यायाची जी पायरी चढत जावी तिच्यावर संशयाचा निरास व्हायचा, तर येथे मधल्या पायरीवर तिघांपुरती उतरलेली शिक्षा शेवटच्या पायरीवर पुन्हा चढली. २०१२ साली असे निष्पन्न झाले की सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, आणि तरीही तो इतकी वर्षे फाशीच्या कोठडीत होता. त्याच वर्षी चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून, चुकीच्या कायदेशीर आधारावर फाशी झालेल्या काही कैद्यांची शिक्षा कमी करावी अशी विनंती केली, त्यांत या प्रकरणाचाही समावेश होता. ध्यानात घ्यावे, की तोपर्यंत वाद होता तो शिक्षेविषयी. माणसे निर्दोष असतील ही शक्यता सार्वजनिक चर्चेत कोठे उमटत नव्हती.

ती उमटली आणखी सात वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाने आपला जुना निकाल मागे घेऊन प्रकरणाची नव्याने सुनावणी केली, आणि न्या. अर्जन कुमार सिक्री, न्या. अब्दुल नझीर व न्या. मुकेशकुमार शहा यांच्या पीठाने ५ मार्च २०१९ रोजी, ‘अंकुश मारुती शिंदे व इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने विधिग्रंथांत गेलेल्या निकालात, सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या दोघा साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नव्हत्या, ओळख विश्वासार्ह नव्हती, आरोपींना गुन्ह्याशी सांधणारा दुसरा भक्कम पुरावा नव्हता, आणि प्रत्यक्षदर्शी आईने प्रथम ज्या चौघांना ओळखले त्यांचा तपासच झाला नव्हता, हे सारे निकालपत्रात आहे. हे आरोपी समाजाच्या तळच्या थरातील, भटक्या जमातीतील गरीब मजूर असून त्यांना खोटे गुंतवले गेले असण्याची शक्यता न्यायालयाने बोलून दाखविली, राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा हुकूम केला, आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची चौकशी करण्यास शासनाला फर्माविले. पाच लाखांची ही रक्कम सोळा वर्षांवर वाटली तर महिन्याला सुमारे २,६०० रुपये पडतात.

या प्रकरणावर जे लिहिले गेले त्यात सहा निरपराध्यांचे दुःख योग्यपणे आले. पण मला त्याहून अधिक विचार करण्याजोगी वाटते ती त्या आईची गोष्ट. तिने माणसे दाखवली होती. शासनयंत्रणेने तिचे ऐकले असते तर पाच खुनांचा जाब विचारण्याची एक वाट तरी खुली राहिली असती. जातीवरून संशय घेण्याच्या पद्धतीचे समर्थन करणारे नेहमी असे सांगतात की, तिच्यात काही निरपराध भरडले गेले तरी समाजाचे रक्षण होते. येथे मात्र त्या पद्धतीने ज्यांचे रक्षण व्हायचे त्यांनाच वाऱ्यावर सोडले. तयार संशयित हाताशी असला की तपासाचे कष्ट वाचतात, वरिष्ठांना आणि वर्तमानपत्रांना गुन्ह्याची उकल झाल्याचे सांगता येते, आणि खरा गुन्हेगार कोठेतरी निश्चिंत झोपतो.

हीच वृत्ती लहान प्रमाणावर रोज रस्त्यावर दिसते. सण, निवडणूक वा चोऱ्यांचा सुळसुळाट या निमित्ताने जालन्याच्या वेशीवर, अंबडच्या चौफुलीवर किंवा भोकरदनच्या रस्त्यावर नाकाबंदी लागते. कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायद्याच्या १३० व्या कलमाप्रमाणे गणवेशातील पोलिसाने मागितल्यास चालकाने परवाना दाखवावा. तो भ्रमणध्वनीतील डिजिलॉकरमध्ये असला तरी चालतो. गाडीची किल्ली हिसकावणे, गचांडी धरणे, कानफटात मारणे यांपैकी कशाचाही त्या कायद्यात उल्लेख नाही. अटक करावी लागलीच तर माणूस पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून अधिक जोर वापरू नये, असे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता सांगत होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिताही सांगते. परंतु याच कायद्यांच्या शेजारी दुसरी कलमे आहेत, आणि पालावरच्या माणसाची गाठ पडते ती त्यांच्याशी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे १२२ वे कलम सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत संशयास्पद स्थितीत आढळणे हाच अपराध मानते. १२४ वे कलम जवळच्या वस्तूचा समाधानकारक खुलासा करता न येणे हा अपराध मानते. त्यांच्या जोडीला चांगल्या वर्तणुकीचे मुचलके घेण्याची तरतूद आहे, आणि हद्दपारीची आहेच. रात्री दहा वाजता कापसाच्या व्यापाऱ्याची मोटारसायकल थांबली तर तो बाजारातून परतणारा गृहस्थ असतो, आणि त्याच वेळी त्याच रस्त्याने जाणाऱ्या पारध्याजवळ मोटारसायकल आहे हीच मुळात खुलासा मागण्याजोगी गोष्ट ठरते. कायद्याची अक्षरे दोघांना सारखी आहेत. समाधानकारक म्हणजे काय हे ठरविणारा हवालदार मात्र एकच आहे.

जेथे वाहनावर नजर ठेवण्याचे काम यंत्राकडे गेले आहे, उदाहरणार्थ जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर, तेथे कॅमेरा फक्त वेग आणि गाडीचा क्रमांक पाहतो. त्याच्या दंडाविषयी लोकांच्या पुष्कळ तक्रारी आहेत, पण चालकाची जात विचारल्याची तक्रार अद्याप कोणी केलेली नाही.

बळाच्या वापराविषयी बोलायचे तर जालना जिल्ह्याचे नाव साऱ्या देशाने ऐकले ते अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीमुळे. मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे उपोषण सुरू केले, १ सप्टेंबर रोजी पोलीस त्यांना रुग्णालयात हलवू पाहत असता संघर्ष झाला, लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला, आणि बायाबापड्यांसह पुष्कळ ग्रामस्थ तसेच अनेक पोलीसही जखमी झाले. आधी दगड की आधी लाठी, यावर दोन्ही बाजूंची हकीकत अर्थातच भिन्न आहे. परंतु पुढे काय झाले ते निर्विवाद आहे: राज्य पेटले, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले, आणि तेव्हा उपमुख्यमंत्री म्हणून गृहखाते सांभाळणारे देवेंद्र फडणवीस यांनी ४ सप्टेंबर रोजी शासनाच्या वतीने क्षमा मागितली. त्याआधी, मे २०२१ मध्ये, जालना शहरातील एका खासगी रुग्णालयात एका राजकीय पक्षाच्या तरुण कार्यकर्त्याला पोलीस घेरून काठ्यांनी मारीत असल्याचे चित्रण घरोघरी पोहोचले होते, आणि तेव्हाही काही पोलिसांवर निलंबनाची पाळी आली होती. दोन्ही ठिकाणी शासनाने जे केले ते करणे त्याचे कर्तव्यच होते; ते झाले याचा आनंद आहे. पण जेथे मोठा समाज रस्त्यावर उतरू शकतो तेथे क्षमा तीन दिवसांत येते, जेथे पक्ष पाठीशी असतो आणि चित्रण हाती असते तेथे निलंबन होते, आणि ज्या पालामागे संख्या नाही, पक्ष नाही, चित्रण करणारा भ्रमणध्वनी धरलेला हातही नाही, तेथे उत्तर यायला सोळा वर्षे लागतात. एकाच जिल्ह्याचे रहिवासी असलेल्या माणसांना काठीचा जाब विचारण्याची ही इतकी विषम ऐपत आहे.

पोलिसांची बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे न्याय्य होणार नाही. बारा-चौदा तासांची पाळी, बंदोबस्तातून बंदोबस्त, सुट्टीचा भरवसा नाही, तपासासाठी वेळ नाही, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल येता येता महिने जातात, आणि वरून चोवीस तासांत उकल करण्याचा तगादा; अशा परिस्थितीत शिपाई जवळची वाट धरतो, आणि ती वाट त्याला प्रशिक्षणात नव्हे तर ठाण्यातील जुन्या जमादाराकडून शिकायला मिळते. पण त्याच्या मनात काय बसलेले आहे याचाही अंदाज आपल्याला आहे. कॉमन कॉज ही संस्था आणि दिल्लीचे विकसनशील समाज अध्ययन केंद्र यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशभरच्या पोलिसांपैकी सुमारे निम्म्यांनी, मुसलमानांचा कल स्वभावतः गुन्ह्याकडे असतो असे कमी-अधिक प्रमाणात मान्य केले होते. जालन्यासारख्या, जेथे मुसलमानांची वस्ती मोठी आणि जुनी आहे अशा शहरात या आकड्याचा अर्थ काय होतो ते सांगत बसण्याची गरज नाही.

शेजारच्या परभणीचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्याच्या निषेधात हिंसा झाली, पोलिसांनी धरपकड केली, आणि पकडलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तो वडार समाजातला होता, म्हणजे विमुक्तांपैकीच. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. तरीही पोलिसांवर गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावे लागले. खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये तसा आदेश दिला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे त्याला यश आले नाही. आपल्या कर्मचाऱ्यावर नुसती फिर्याद नोंदली जाऊ नये म्हणून शासनाने दिल्लीपर्यंत धाव घ्यावी, हे मला त्या मृत्यूखालोखाल खेदजनक वाटते.

कागदावर पाहिले तर संरक्षणाची वाण नाही. डी. के. बसू यांच्या याचिकेवर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले: नावाची पट्टी लावावी, अटकेचा पंचनामा करावा, नातलगाला कळवावे, वैद्यकीय तपासणी करावी. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करण्यास मनाई केली. २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीतही, कॅमेरे बसविण्याचा आणि त्यांतील चित्रण किमान वर्षभर जपण्याचा आदेश झाला. मे २०२४ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात, केवळ मागास वा वंचित समाजात जन्मली म्हणून निरपराध माणसांची नावे पोलिसांच्या गुन्हेगारी दप्तरांत यांत्रिकपणे चढविली जातात याची न्यायालयाने दखल घेतली. आणि पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही हे पोलिसांनी पाहावे असे स्पष्टपणे बजावले. महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. अडचण एवढीच, की यांपैकी एकही निकाल पालावर राहणाऱ्या बाईपर्यंत पोहोचलेला नाही, आणि नाकाबंदीवरच्या शिपायापर्यंत पोहोचला असला तर त्याचे चिन्ह दिसत नाही.

अमेरिकेत परिस्थिती आपल्याहून बरी आहे असे म्हणण्याचे धाडस कॅस्टिलच्या कथेनंतर कोणी करणार नाही. तथापि, तेथे कोणाला थांबवले याची नोंद होते, म्हणून अंधारात काय घडते आणि उजेडात काय घडते हे तेथील संशोधकाला पडताळून पाहता आले. आपल्याकडे नाकाबंदीवर किती जणांना थांबवले, किती जणांना ठाण्यात नेले, त्यांपैकी किती जण विमुक्त-भटक्या जमातींचे होते आणि किती जणांवर पुढे आरोप शाबीत झाला, याचा जाहीर हिशोब कोणताही जिल्हा मांडीत नाही. पोलीस अधीक्षकांनी मनात आणले तर जालना हा असा हिशोब मांडणारा पहिला जिल्हा होऊ शकेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक नोंदवही आणि वर्षाकाठी एक प्रसिद्धीपत्रक पुरते.

तोपर्यंत हे काम वाचकांनी करावे, अशी माझी विनंती आहे. विशेषतः जालना, अंबड, भोकरदन, परतूर येथील वकील, प्राध्यापक, पत्रकार आणि कायद्याचे विद्यार्थी यांनी माहितीच्या अधिकारात तीन साधे प्रश्न विचारावेत: गेल्या पाच वर्षांत पोलीस अधिनियमाच्या १२२ व १२४ कलमांखाली आणि मुचलक्याच्या कलमांखाली किती कारवाया झाल्या व त्यांतील किती विमुक्त-भटक्यांवर झाल्या, ठाण्यातील कॅमेरे चालू आहेत काय आणि त्यांचे चित्रण किती दिवस ठेवले जाते, आणि २०२४ च्या ऑक्टोबरातील निकालानंतर जिल्ह्यातील ठाण्यांना त्याबाबत लेखी सूचना गेल्या काय, गेल्या असल्यास त्यांची प्रत. अर्जाला दहा रुपयांचा मुद्रांक लावावा लागतो, आणि उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे.